बांध कोरणारी पेशी



मागच्या खेपेला आपण कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल बोललो. अळी एकदा बोंडात शिरली की वरचं छिद्र बुजतं, बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, आणि मग कितीही महागाचं औषध फवारा, ते आत पोचत नाही. म्हणून आधीपासून कामगंध सापळे लावा, पतंग मोजा, असं मी सांगितलं होतं. त्यावर एका भगिनीचं पत्र आलं. ती लिहिते, "भाऊ, अळीचं समजलं. माझ्या जावेला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. उशीर झाला म्हणजे आत नेमकं काय झालं, ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का?"

मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. उपचार सांगणं माझं काम नव्हे. पण पेशी झाडाची असो की माणसाची, तिचा धर्म बराचसा सारखाच. तेवढं मी सांगू शकतो. आणि या प्रश्नाशी माझंही एक देणं आहे, ते शेवटी सांगेन.

पेशीलाही म्हातारपण असतं

केळीचा घड काढला की ते झाड संपतं, बाजूचे मुनवे वाढतात. ज्वारी निसवून दाणा भरला की खालची पानं वाळतात, कारण पानातलं सत्त्व दाण्यात गेलेलं असतं. म्हातारं होणं ही झाडाची चूक नसते, तो त्याचा नेम असतो. आपल्या अंगातल्या पेशींचंही तसंच आहे.

१९६१ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की माणसाची साधी पेशी काचेच्या भांड्यात वाढवली तर ती सुमारे पन्नास वेळा दुभंगते आणि मग थांबते. खायला दिलं, ऊब दिली, तरी पुढं जात नाही. का? तर पेशीत आपल्या गुणांचे जे धागे असतात, त्यांच्या टोकांना एक वेष्टण असतं. कासरा उसवू नये म्हणून आपण टोकाला गाठ मारतो ना, तसंच. पेशी दर वेळी दुभंगताना हे टोक थोडं झिजतं. फार झिजलं की पेशी म्हणते, आता पुरे.

हे "पुरे" म्हणायला लावणारा एक राखणदार पेशीत बसलेला असतो. तो आहे एक प्रथिन. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. ते बरोबरच आहे, पण अंगात प्रथिनं हजारो तऱ्हेची असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. या राखणदाराचं नाव पी-५३. तो १९७९ साली सापडला. आधी शास्त्रज्ञांना वाटलं, हाच कॅन्सर करतो. दहा वर्षांनी उलगडा झाला की हा चोर नव्हे, हा तर जागल्या! पेशीच्या धाग्यात बिघाड दिसला की तो तिला अडवतो. दुरुस्ती होत असेल तर करू देतो, नसेल तर तिला म्हातारी करून बसवतो किंवा सरळ मरायला लावतो. माणसाच्या कॅन्सरांपैकी निम्म्याच्या आसपास गाठींमध्ये या राखणदाराचीच नक्कल बिघडलेली सापडते. तंबाखूच्या विषानं बिघडते, ती अशीच.

हत्तीचं उदाहरण बघा. एवढं मोठं अंग, पेशी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण कॅन्सर मात्र कमी. २०१५ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की पी-५३च्या नकला माणसाकडे दोन असतात, एक आईची आणि एक बापाची. हत्तीकडे चाळीस असतात. एक झोपला तरी दुसरा जागा!

राखणदाराला कोण मारतं

आता त्या भगिनीच्या जावेकडे येऊ. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं मूळ बहुतेक सगळ्या रुग्णांत एका विषाणूत असतं. त्याला एचपीव्ही म्हणतात. हॅराल्ड त्सुर हाउजेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे दोन वाण १९८३-८४ साली या गाठींमध्ये शोधून काढले. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू पेशीत शिरून आपली दोन प्रथिनं तयार करतो. एक पी-५३ला पकडून पेशीच्या मोडीत घालायला लावतं. दुसरं पेशीची आणखी एक वेसण सोडतं. वर झिजलेली टोकं पुन्हा भरून काढणारं यंत्रही चालू होतं. झालं! मरायचं विसरलेली पेशी तयार झाली.

असं खरंच होतं का, याचा दाखला एका शेतकरी बाईचाच आहे. अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स. लहानपणापासून तंबाखूच्या शेतात राबलेल्या. १९५१ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, पाच लेकरं मागं ठेवून त्या याच कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या गाठीचा तुकडा डॉक्टरांनी त्यांना न विचारता काढून घेतला होता. त्यातल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. बाई गेली, पेशी मरेनात. त्या पेशींमध्ये १८ क्रमांकाचाच विषाणू निघाला.

यात बाईची चूक काय? काही नाही. हा विषाणू संसारातल्या साध्या संबंधातून येतो आणि फार जणांना कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो. तेव्हा लाज धरण्याचं किंवा कुणाच्या चारित्र्यावर बोलण्याचं काहीही कारण नाही.

बांध कसा कोरला जातो

इथं "उशीर" या शब्दाचा अर्थ आहे. नीट वाचा.

गर्भपिशवीच्या तोंडावर पेशींचे थर असतात आणि त्यांच्याखाली एक पातळ, चिवट पडदा असतो. तो म्हणजे बांध. बांधाच्या पलीकडं रक्ताच्या आणि रसाच्या वाहिन्या. म्हणजे पाटच म्हणा. बिघडलेली पेशी सुरुवातीला बांधाच्या अलीकडंच वाढते. तिथं ती कितीही माजली तरी तिला जिथल्या तिथं काढून टाकता येतं. ही अवस्था दिवसांची किंवा महिन्यांची नसते. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. अंगातली प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्याहून लवकर.

मग एक दिवस ती बांध कोरू लागते. त्यासाठी तिला दोन गोष्टी लागतात. एक, शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं खळीसारखं प्रथिन सोडून द्यायचं, म्हणजे ती सुटी होते. दुसरी, पडद्याचे धागे कापणारी कात्रीसारखी प्रथिनं बाहेर सोडायची. रोज थोडा थोडा बांध कोरून शेजाऱ्याच्या रानात शिरणारा माणूस आपण पाहिलेला असतो. ही पेशी तशीच. एकदा पाटाला लागली की पाण्याबरोबर तणाचं बी वाहावं तशी ती फुप्फुसात, यकृतात, हाडात जाऊन रुजते. डॉक्टरांच्या "उशीर झाला" या शब्दांचा अर्थ हा, की पेशीनं बांध ओलांडला.

झाडाला हे संकट नाही. गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या खोडावर जिवाणूमुळं गाठी येतात, पण झाडाच्या पेशीला पक्की भिंत असते. गाठीतली पेशी सुटून दुसऱ्या फांदीवर जात नाही. आपल्या पेशींना ती भिंत नाही.

मग कात्रीच बंद करणारं औषध का नाही, असं कुणी विचारेल. १९९०च्या दशकात तशी औषधं करून पाहिली. रुग्णांचे सांधे आखडले आणि आयुष्य अपेक्षेप्रमाणं वाढलं नाही. कारण त्याच कात्र्या जखम भरायलाही लागतात, आणि त्या एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. आणखी एक गंमत अशी, की म्हाताऱ्या होऊन बसलेल्या पेशीसुद्धा अशा कात्र्या आजूबाजूला सोडत राहतात. जो नेम तरुणपणी आपल्याला राखतो, तोच उतारवयात बांध भुसभुशीत करतो. वय वाढलं की कॅन्सर का वाढतो, याचं हे एक कारण आहे. संशोधन चालू आहे. पण आपल्या हाती आज जे आहे ते बांधाच्या अलीकडचं आहे.

आपल्याच मराठवाड्यातला प्रयोग

हे कुणा परदेशच्या पुस्तकातलं नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. एका गटातल्या ३४,१२६ बायांसाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी ठेवली, तीही एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या. ज्या गटाला नेहमीचीच सेवा आणि माहिती मिळाली, त्या ३१,४८८ बायांच्या गटात ६४ गेल्या. म्हणजे जवळपास निम्मा फरक. २००९ साली हे जगापुढं आलं.

आपण खताच्या प्रयोगात एक वाफा बिनखताचा ठेवतो, तेव्हा कुठं फरक कळतो. पण वाफा वेगळा आणि माणूस वेगळा. तपासणीविना ठेवलेल्या बायांवरून पुढं बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणींचं ऋण आपल्यावर आहे. ते फेडायचं तर आपण तपासणीला जायचं.

आता काय करायचं

एक. तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येक बाईनं तपासणी करून घ्यावी, काही त्रास नसला तरी. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. शिरक्यासारखं पातळ औषध लावून बघण्याची एक सोपी रीत आहे, दोन-चार मिनिटांचं काम. बिघाड दिसला तर पुढच्या तपासणीला जरूर जा. बिघडलेली जागा गोठवून किंवा शेकून काढता येते. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येता येतं.

दोन. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, किंवा अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर सुगी संपायची वाट बघू नका.

तीन. ९ ते १४ वयाच्या मुलींना लस द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ साली बाजारात आली. आपल्या भागात ती कुठं मिळते, ते आरोग्य केंद्रात विचारा. लस घेतली तरी पुढं तपासणी चुकवू नये.

चार. हे बंधूंसाठी. घरातली बाई आपणहून सांगणार नाही. तुम्ही विचारा.

आता माझं देणं. आमची थोरली वहिनी पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जातंय हे आठ महिने कुणाला बोलली नाही. आधी सोयाबीनची काढणी होती, मग हरभरा, मग पुतणीचं लग्न. त्या आठ महिन्यांत मी दर पंधरवड्याला घरी जात होतो. कपाशीत पतंग किती सापडले, हे भावाला विचारत होतो. चुलीपुढं बसलेल्या वहिनीला, तू अशी का सुकलीस, हे एकदाही विचारलं नाही. कळलं तेव्हा बांध ओलांडून झाला होता. तिला जाऊन तेरा वर्षं झाली.

पत्र लिहिणाऱ्या ताई, जावेचे उपचार सोडू नका. उशीर झाला तरी औषधानं त्रास कमी होतो, काहीजणींचं आयुष्यही वाढतं. आणि तिला दवाखान्यात घेऊन जाल, तेव्हा स्वतःचीही तपासणी करून या.

पुढच्या खेपेला हरभऱ्यावरच्या घाटेअळीकडं वळू.