बाळंतविडा अन् व्हिसा

घरातली एखादी ताई न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असते. तिकडून 'गुड न्यूज' येते, तीन महिने कोणाला सांगायचं नाही म्हणून गुपचूप ठेवली जाते आणि चौथ्या महिन्यात अमरावतीच्या साईनगरातून किंवा अकोल्याच्या जठारपेठेतून आपल्याला फोन येतो, "तुह्याजोळ लॅपटॉप हाये नं? मावशीचा तेवढा व्हिसाचा फॉर्म भरून दे बरं." आपण कॉलेजला, आपल्याला इंग्रजी येतं, म्हणजे आपल्याला व्हिसातलंही कळतं, असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

बडनेऱ्याच्या, शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून गेलेल्या पिढीची आता मुलंबाळं होण्याची वेळ आहे. त्यामुळे हा फोन तुम्हाला आला नसेल, तर येईल. आणि तो आला की आपण नेमकं काय करतो, यावर थोडं बोलायला हवं असं मला वाटतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. लेक येऊ शकत नाही म्हणून आता माहेरच विमानात बसून जातं. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी. यात हौस आहेच, पण गरजही आहे. भारतात २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतरजेचा कायदाच नाही. तिथला १९९३चा कायदा १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी, आणि खासगी क्षेत्रात ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनाच तो लागू आहे. चांगल्या कंपन्या स्वतःहून पगारी रजा देतात, बाकीच्यांचं देवावर. म्हणजे आपली मावशी तिथं जाते ती त्या देशाच्या कायद्यातली मोठी फट बुजवायला. फुकटात.

'नायगारा पाहायला चाललो सांगा'

बाळंतपणाचा असा वेगळा व्हिसा नसतो. अर्ज करायचा तो बी-२ म्हणजे पर्यटन आणि नातेवाइकांच्या भेटीच्या व्हिसाचा. फी माणशी १८५ डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. पासपोर्टचं काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत, पण मुलाखत बहुतेक जण मुंबईत देतात, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणजे अंबा एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन आणि मुंबईत मुक्काम आला. १६ एप्रिल २०२५पासून बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेवढीच सोय. आधी ऐंशीच्या घरातल्या आजी-आजोबांना मुलाखतीतून सूट मिळायची, सप्टेंबर २०२५पासून ती सर्वसाधारणपणे बंद झाली. आणि तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. २०२२मध्ये मुंबईत पहिल्या अर्जासाठी दोन वर्षांहून जास्त थांबावं लागत होतं. तेवढ्यात बाळ चालायला लागून 'आजी कुठंय' विचारेल. म्हणून ते तीन महिन्यांचं गुपित निदान फॉर्म भरणाऱ्याला तरी आधी सांगा.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे एजंटचा सल्ला. "डिलिव्हरीचं नाव काढू नका, नायगारा पाहायला चाललो सांगा." जन्मात कधी खोटं न बोललेली बाई मग आठ दिवस आरशासमोर 'टुरिझम, टुरिझम' घोकत बसते. मला याचा राग येतो. एक तर हा सल्ला धोक्याचा आहे. व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत खोटं बोलल्याचं ठरलं, तर अमेरिकेच्या कायद्यात कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. दुसरं म्हणजे हे खोटं बोलायची गरजच नाही. लेकीला भेटायला जाणं, तिच्याजवळ राहणं, नातवाला मांडीवर घेणं हा या व्हिसाच्या चौकटीतला उद्देश आहे. चालत नाही ते पगार किंवा मोबदला घेऊन काम करणं. ब्रिटनने तर आपल्या मार्गदर्शक नियमांत हे लिहूनच ठेवलंय की नातेवाईक थोड्या दिवसांच्या भेटीत मुलं सांभाळू शकतात, फक्त ती नोकरी होता कामा नये. मग "लेकीची डिलिव्हरी आहे, तिच्याजवळ राहायला चाललो, अमुक महिन्यात परत येऊ" एवढं सरळ वाक्य का सांगू नये?

अधिकाऱ्याला खरी शंका वेगळीच असते. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(ब) हे कलम सांगतं की, भेटीला येणारा प्रत्येक अर्जदार तिथं कायमचा राहायलाच आलाय असं आधी गृहीत धरायचं, नाही म्हणून पटवायचं काम अर्जदाराचं. म्हणून लोक सात-बारा, पेन्शनचे कागद, घराची टॅक्स पावती अशी फाईल घेऊन जातात. न्यावी, पण मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते आणि फाईल अनेकदा उघडलीच जात नाही. तिथं बोलणंच कामी येतं. "सोयाबीन काढायच्या आत वापस यावं लागते, शेत कोण पाहीन?" हे एक वाक्य घोकलेल्या दहा वाक्यांना भारी आहे. आणि मुंबईत मुलाखत मराठीतही देता येते. ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी आई-बाबांना कोणी सांगतच नाही. "मले का इंग्रजी येते बाप्पा" या धास्तीने अर्धी हिंमत घरीच गळते.

सोबत बसून भरा

आता आपल्या कामाकडे येऊ. डीएस-१६० नावाचा हा फॉर्म वीस मिनिटं तसाच सोडला की बंद पडतो, म्हणून त्याचा अर्ज क्रमांक आधी लिहून ठेवा. फोटो चष्मा काढून. 'इतर नावं' या रकान्यात माहेरचं नाव लिहायलाच हवं. लग्नात नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांची अर्धी कागदपत्रं एका नावाने आणि अर्धी दुसऱ्या नावाने असतात. जन्मतारीख हा तर आपला महाराष्ट्रीय विनोदच. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून घेऊन एक अख्खी पिढी म्हातारी झाली. जी तारीख पासपोर्टवर आहे तीच सगळीकडे टाका. २०१९पासून गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीही विचारतात, तेव्हा मावशीचं फेसबुक विसरू नका.

पण हे सगळं आपण त्यांच्यासाठी भरून देतो, त्यांच्यासोबत भरत नाही. 'सही करा' म्हणतो आणि मोकळे होतो. फॉर्ममधल्या प्रत्येक उत्तराची जबाबदारी अर्जदाराची असते, आपली नाही. खिडकीपलीकडच्या साहेबासमोर ती एकटी उभी राहणार आहे. आपल्याला आत जाता येत नाही आणि फोनही नेता येत नाही. स्वतःच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय हे तिला मराठीत वाचून दाखवायला एक संध्याकाळ लागते. ती द्यायलाच हवी.

आणखी दोन गोष्टी. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. दुसरी गोष्ट विम्याची. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-बाबा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोंचा. अमेरिकेच्या व्हिसाला अशी सक्ती नाही, म्हणून तिथंच लोक विमा टाळतात, आणि दवाखान्याचं बिल सगळ्यात जास्त तिथंच येतं. बीपी-शुगरची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि विमा, हे तिन्ही लाडवांच्या डब्याआधी बॅगेत जायला हवेत. लेक दुबईत किंवा सिंगापुरात असेल, तर लाडवात खसखसही टाकू नका. तिथं तिच्यावर बंदी आहे.

तिला विचारलं का?

फॉर्म नीट भरला, व्हिसा मिळाला, तरी एक प्रश्न राहतोच. तिला जायचंय का, हे कोणी विचारलं?

२०२४च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. मावशी इथलं हे काम दुसऱ्या कुणावर सोपवून तिथं तेच काम करायला जाते. आधी माहेरचे सहा महिने, मग सासरचे सहा महिने, असं वेळापत्रक लेक-जावई बनवतात. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, शेजारी कोणी बोलायला नाही, भजनी मंडळ नाही. नातवाला न्हाऊ घालायचा मान तिला हवाच असतो, त्यात तिचा आनंद खराच आहे. पण पहाटे तीनला दुधाची बाटली, दिवसभर स्वयंपाक आणि तीन महिन्यांनी ताई कामावर गेल्यावर आठ-दहा तास एकटीने बाळ, हे त्या मानात बसतं का? कायदा म्हणतो पगार नाही म्हणून हे काम नाही. आपण म्हणतो आई आहे म्हणून हे काम नाही. दोन्हीकडून तिचे कष्ट मोजायचे राहूनच जातात. स्वीडनमध्ये जुलै २०२४पासून आई-बाप आपल्या पगारी पालकरजेतले ४५ दिवसांपर्यंत तिथल्या आजी-आजोबांच्या नावे करू शकतात. आजीचं काम हेही काम आहे, हे एका देशाने तरी कागदावर मान्य केलं.

माझं म्हणणं 'आईला पाठवू नका' असं अजिबात नाही. सत्य सांगून, तिला विचारून पाठवा, एवढंच. परतीची तारीख तिने ठरवावी. बाबाही सोबत जाणार असतील, तर त्यांनी नुसता मराठी पेपर शोधत बसू नये, लंगोट बदलायला इथूनच शिकून जावं. जावयाने रजा काढावी, कारण अमेरिकेतला तो बारा आठवड्यांचा कायदा बापालाही लागू आहे.

आणि आपल्या कॉलेजांनी? रासेयोच्या शिबिरात आपण गावं झाडतो, झाडं लावतो. वर्षातून दोन रविवार पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म वाचून दाखवायला बसलो, तर अमरावती-अकोल्यातल्या कितीतरी आई-बाबांचे एजंटला जाणारे पैसे वाचतील. नायगाऱ्याचं ते खोटंही घोकावं लागणार नाही.