संगणकाला पहारेकरी एकच हवा

घरचा संगणक वारंवार हँग होऊ लागला की बहुतेक घरांत निदान ठरलेले असते: व्हायरस शिरला. उपायही ठरलेला असतो. आहे त्या अँटिव्हायरसवरचा भरवसा उडालेला असतो, म्हणून आणखी एक आणून बसवायचा. तरीही मशीन अडकू लागले की दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घ्यायचे. या सगळ्यात एक शक्यता कुणी तपासतच नाही. संगणक अडवून धरणारा व्हायरस नसेलही. त्याच्यावर पहारा ठेवणारे सॉफ्टवेअरच तो अडवत असेल, आणि दुसरा पहारेकरी आणून आपण दुखणे वाढवत असू. म्हणून माझे म्हणणे असे की, घरच्या संगणकावर सतत पहारा देणारा अँटिव्हायरस एकच असावा, बाकीचे मुळासकट काढावेत, आणि मशीन गोठले तर अँटिव्हायरसचीही झडती घ्यावी.

यामागचे कारण अँटिव्हायरसच्या कामाच्या पद्धतीत आहे. वर्ड किंवा ब्राउझरसारखा तो साधा प्रोग्रॅम नव्हे. त्याचा एक भाग ड्रायव्हर म्हणून विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो. तुम्ही एखाद्या पीडीएफवर डबल क्लिक केले की फाइल उघडण्याची मागणी आधी या ड्रायव्हरच्या हातातून जाते. त्याने हिरवा कंदील दाखवला की मगच फाइल उघडते. तुम्ही माउसला हात लावला नाही तरी विंडोज मागच्या मागे असंख्य फाइली उघडत-मिटत असते आणि त्यांच्यावरही हाच पहारा असतो. आता तिथे दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकामागे एक बसले, तर प्रत्येक फाइलीची झडती दोनदा होते. एकाने तपासायला फाइल उघडली की दुसऱ्याला ती हालचाल दिसते आणि तोही तपासायला धावतो. एकाने संशयित फाइल बाजूला काढून ठेवली की दुसरा नेमकी तीच व्हायरस म्हणून पकडतो. दोघे एकमेकांची वाट पाहत अडले, तर माउसचा बाण फिरतो पण काहीच उघडत नाही. कधी बाणही जागेवर थिजतो. साधा प्रोग्रॅम अडकला तर तो बंद करता येतो. गाभ्यातला ड्रायव्हर अडकला तर सगळे मशीनच बसते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ते इथे तंतोतंत लागू पडते.

गाभ्यात बसलेला पहारेकरी एकटा असला तरी चुकू शकतो, याचे पुरावे जगाने पाहिले आहेत. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकअफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा तो प्रकार होता. एप्रिल 2019 मध्ये विंडोज 7 आणि 8.1 चे मासिक अपडेट सोफोस, अव्हास्ट, अविरा अशा अँटिव्हायरसशी जुळले नाही. संगणक सुरू होतानाच गोठू लागले आणि मायक्रोसॉफ्टला अशा मशीनसाठी ते अपडेट रोखून धरावे लागले. 19 जुलै 2024 ची घटना तर ताजी आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर कंपन्यांसाठीचे होते, घरगुती नव्हे. पण गाभ्यात एक चूक झाली की काय होते, ते त्यातून दिसले. एका पहारेकऱ्यामुळे एवढे होऊ शकते, तर कारण नसताना दुसरा बसवणे म्हणजे चुकीची शक्यता आपल्या हाताने वाढवणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, एकाच्या नजरेतून सुटलेला व्हायरस दुसरा पकडेल. मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी दुसऱ्याला चोवीस तास दारात उभे करायची गरज नाही. सांगू तेव्हाच तपासणारे, एरवी शांत असणारे स्कॅनर मिळतात. शंका आली की दुसरे मत त्यांच्याकडून घ्यावे. दुसरा आक्षेप विकतच्या अँटिव्हायरसचा: तो काढला तर संगणक उघडा पडेल. एक्सपीच्या काळात विंडोजला स्वतःचा अँटिव्हायरस नव्हता, तेव्हा तो विकत घेणे शहाणपणाचेच होते. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून पुण्यात उभी राहिलेली क्विक हीलसारखी कंपनी त्याच गरजेतून मोठी झाली. पण विंडोज 8 पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो. दुसरा अँटिव्हायरस रीतसर बसवला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की पुन्हा कामाला लागतो. म्हणजे जुना काढल्याने संगणक उघड्यावर पडत नाही. विकतचा हवा असेल तर खुशाल घ्यावा, मात्र एकच घ्यावा आणि वेळच्या वेळी रिन्यू करावा. खरी अडचण दोन विकतच्यांची, किंवा लॅपटॉपबरोबर आलेल्या आणि मुदत संपूनही पडून राहिलेल्या ट्रायलची असते. तिचा पहारा ढिला पडतो, पण ड्रायव्हर जागा सोडत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: संगणक जुना असेल, हार्ड डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर अँटिव्हायरसला दोष का द्यायचा? देऊ नयेच, म्हणून तर अंदाजावर न जाता क्रमाने तपासायला हवे. टास्क मॅनेजर उघडून डिस्क सतत शंभर टक्क्यांवर आहे का आणि ती कोण वापरते आहे, ते पाहावे. विंडोजमधल्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये कोणत्या तारखेला काय बसवले आणि मशीन कधीपासून अडकू लागले, हे दिवसवार दिसते. मग संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. तिथे बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर चालू होत नाहीत. तरीही मशीन अडकत असेल तर संशय हार्ड डिस्क, रॅम यांच्यावर जातो. सुरळीत चालले तर बाहेरून बसवलेल्या सॉफ्टवेअरवर. अँटिव्हायरस काढताना फोल्डर डिलीट करून भागत नाही. आधी रीतसर अनइन्स्टॉल करावा, मग त्या कंपनीचे स्वतःचे रिमूव्हल टूल चालवून उरलेसुरले ड्रायव्हर काढावेत, रीस्टार्ट करावे, आणि ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये एकच अँटिव्हायरस चालू दिसतो याची खात्री करावी.

कंपन्यांची जबाबदारीही मोठी आहे. ॲपलने 2019 पासून अशा सॉफ्टवेअरला गाभ्याबाहेर काम करण्याची वाट करून दिली. क्राउडस्ट्राइकनंतर मायक्रोसॉफ्टनेही ती दिशा धरली आहे. ते काम पुरे होईपर्यंत घरच्या माणसाने निदान एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. फॉरमॅट मारला आणि बॅकअप नसला तर मुलांचे फोटो, आईवडिलांची कागदपत्रे, वर्षानुवर्षांचा हिशेब सगळे जाते; आणि दुकानातून परत आलेल्या संगणकावर तेच दोन अँटिव्हायरस पुन्हा बसवलेले असतील, तर दुखणे होते तिथेच राहते. म्हणून मशीन दुकानदाराच्या हाती देण्याआधी त्याला विचारावे: सेफ मोडमध्ये चालवून पाहिले का?