घरगुती यंत्रें व त्यांची निगा : फिरत्या घरांतील शीतकपाट

या सदरांत आजवर शिवणयंत्र, पाण्याचा पंप, भिंतीवरील घड्याळ अशा नित्य परिचयाच्या वस्तूंविषयीं लिहिलें. या खेपेचा विषय थोडा दूरदेशींचा आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत, आणि तिकडे गेलेल्या आईबापांस तीं एकदां तरी कॅम्परमधून हिंडवून आणतात. कॅम्पर म्हणजे मोटारीमागें जोडलेलें चाकांवरचें लहानसें घर. त्यांत निजावयाची सोय, ओटा, न्हाणी आणि एक फ्रिज एवढें सारें बसविलेलें असतें. हा फ्रिज दिसावयास आपल्या स्वयंपाकघरांतल्यासारखाच. पण पुष्कळ कॅम्परांतून त्याची जात अगदीं निराळी असते. ती ठाऊक नसल्यामुळें चांगलें यंत्र मोडकें ठरविण्याचा प्रसंग आमच्यावर कसा आला, तो आज सांगतों.

गेल्या जून महिन्यांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं होतों. त्यानें एक जुना कॅम्पर विकत घेतला होता. फ्लॅगस्टाफवरून ग्रँड कॅन्यन पाहावयाचें व तेथून युटा संस्थानांत उतरावयाचें, असा सुमारें तीन आठवड्यांचा बेत ठरला. आमच्या मंडळींस मधुमेह आहे. म्हणून तेवढ्या दिवसांचें इन्शुलिन फ्रिजमध्यें ठेवलें. निघण्यापूर्वीं दोन दिवस फ्रिज घराच्या अंगणांत विजेवर चालू होता. बाहेर ४१ अंशांचा उष्मा, पण आंतील तापमापक ४ अंश दाखवीत होता. इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवावयाच्या असतात, त्यामुळें आम्ही निश्चिंत होतों.

फ्लॅगस्टाफ हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २१०० मीटर उंचीवर, सूचिपर्णी वृक्षांच्या रानांत वसलें आहे. तेथें एका तळावर दुपारीं मुक्काम केला. हवा मोठी आल्हाददायक होती. नातवाचा चेंडू पलंगाखालून सुटला तो थेट दारापाशीं येऊन थांबे; पुन्हा टाकला कीं पुन्हा तेंच. आम्ही सारे हंसलों. चिरंजीवानें फ्रिज गॅसवर लावला. रात्रीं नऊ वाजतां पाहिलें तों आंत ११ अंश. त्यानें तो विजेवर फिरविला. पहांटे तापमापक १३ वर गेला होता.

चिरंजीवानें एका कारागिरास दूरध्वनि केला. “गॅसवरहि नाहीं आणि विजेवरहि नाहीं, म्हणजे थंड करणारें मागलें यंत्रच निकामी झालें, तें बदला, हजार डॉलरांहून अधिक खर्च येईल,” असें उत्तर आलें. चिरंजीव हिरमुसला. म्हणाला, “बाबा, परत फिरूं या. आईच्या औषधाचा प्रश्न आहे.” सूनबाईंनीं तोंवर दुकानांतून बर्फ आणला, बाटल्या पंचांत गुंडाळून बर्फास टेकणार नाहींत अशा बेतानें पेटींत ठेवल्या. हें त्यांनीं फार शहाणपणाचें केलें. कारण इन्शुलिन गोठलें तर तें टाकूनच द्यावें लागतें.

आम्हीं म्हटलें, “अरे, परत जाण्यापूर्वीं तासभर विचार करूं. हें यंत्र चालतें तरी कसें, तें मला आधीं सांग.” त्यानें पुस्तिका काढली व आम्ही दोघे वाचूं लागलों.

आपल्या घरच्या फ्रिजमध्यें विजेचा दट्ट्या वायु दाबतो. त्याची घरघर आपण ऐकतों. कॅम्परमधील या जुन्या जातीच्या फ्रिजमध्यें हलणारा एकहि भाग नसतो. ही युक्ति १९२२ सालीं स्टॉकहोम येथील तंत्रविद्यालयांतील बाल्ट्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनीं शोधून काढली. कायमच्या बंद केलेल्या नळ्यांत पाणी, अमोनिया व हायड्रोजन हे तीन मुख्य पदार्थ असतात. खालीं एका लहान भांड्यास गॅसची ज्योत किंवा विजेची कांडी उष्णता देते. त्यायोगें पाण्यांत विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो. वरच्या नळ्यांत हवेनें निवून त्याचा द्रव होतो. आणि तो द्रव फ्रिजच्या आंतल्या बाजूस उतरून हायड्रोजनला भेटला कीं पुन्हा वायु होऊं लागतो. द्रवाचा वायु होतांना तो भोंवतालची उष्णता ओढून घेतो. तीच आपली थंडी. पुढें तो अमोनिया पाण्यांत विरघळून खालच्या भांड्याकडे परततो, हायड्रोजन मोकळा होऊन वर जातो, आणि चक्र पुरें होतें.

वाचकभगिनींस यांत नवल वाटावयास नको. आपल्या घरचा माठ हेंच करतो. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी कोरड्या वाऱ्यांत उडून जातें व जातांना आंतल्या पाण्याची उष्णता नेतें. पावसाळ्यांत हवा दमट झाली कीं माठ गार होत नाहीं. या फ्रिजमध्यें पाझरणाऱ्या पाण्याच्या जागीं अमोनिया आहे, आणि कोरड्या वाऱ्याचें काम हायड्रोजन करतो. थंडी म्हणून कोणी निर्माण करीत नाहीं. उष्णता तेवढी एका जागेहून दुसरीकडे वाहून नेली जाते.

आतां आमच्या अडचणीकडे वळूं. तर्कशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक अशी जोडी आहे. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. फ्रिज गॅसवर गार होतो पण विजेवर होत नाहीं, असें असतें तर दोष विजेच्या कांडींत, तारेंत किंवा फ्यूजमध्यें. उलट असतें तर गॅसच्या टाकींत किंवा बर्नरमध्यें. आमचा फ्रिज दोन्हींवर गार होत नव्हता. म्हणजे दोन्ही मार्गांस समाईक असलेल्या ठिकाणीं दोष असला पाहिजे. कारागिराचें येथपर्यंत बरोबर होतें. परंतु समाईक तें सर्व निकामी यंत्रच, हें त्याचें अनुमान घाईचें होतें.

मग समाईक गोष्टी एकेक तपासल्या. उंचीवर हवा विरळ असल्यानें गॅसची ज्योत मंदावते, व सुमारें १७०० मीटरांवर फ्रिज विजेवर चालवावा असें पुस्तिकेंत होतें. पण उंची विजेच्या कांडीस आड येत नाहीं. नियंत्रण करणाऱ्या पाटीस बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह लागतो. तो मीटरवर ठीक दिसला. मागचा झरोका उघडला. उष्णता देणारा भाग चांगला तापलेला होता, म्हणजे उष्णता पोंचत होती. अमोनियाचा उग्र वास नव्हता. नळ्यांवर पिवळी भुकटी नव्हती. आंतून गंज चढूं नये म्हणून या द्रवांत सोडियम क्रोमेट घातलेलें असतें, आणि नळी फुटली तर तें पिवळें होऊन बाहेर दिसतें. दाराच्या रबरी पट्टींत एक नोट धरून दार लावलें व ओढून पाहिली. ती सर्व बाजूंस घट्ट धरली जात होती.

राहिला व्यतिरेक. हाच फ्रिज तीन दिवसांपूर्वीं फीनिक्समध्यें उत्तम चालत होता. तेथें उष्मा अधिक होता, तरी चालला. म्हणजे उष्मा कारण नव्हे. वरच्या झरोक्यांत पांखरांचें घरटें असतें तर तेथेंहि अडलें असतें. मग तेथें नव्हतें असें येथें काय आहे? इतक्यांत नातवाचा चेंडू पुन्हा पलंगाखालून दाराकडे निघाला, आणि या वेळीं कोणी हंसलें नाहीं.

फीनिक्सचें अंगण सपाट होतें. येथें कॅम्पर एका बाजूस कललेला होता. पाणसळ नव्हती, म्हणून फ्रिजच्या तळाशीं पाणी भरलेलें ताट ठेवून पाहिलें, तों एका बाजूस पाणी कांठाला आलें व दुसरीकडे ताटाचा तळ दिसूं लागला. फूटपट्टीनें मोजतां दर मीटरास ८ सेंटिमीटर चढ निघाला, म्हणजे सुमारें साडेचार अंश. बहुतेक पुस्तिकांत बाजूस ३ अंश व पुढेंमागें ६ अंश एवढीच मुभा असते. दर मीटरास ५ सेंटिमीटर म्हणजे सुमारें ३ अंश, हें प्रमाण लक्षांत ठेवावें.

कलण्यानें एवढें कां बिघडावें? या यंत्रांत पंप नाहीं. द्रव केवळ आपल्या भारानें, किंचित् उतरत्या नळ्यांतून वाहतो. नळ्यांचा उतार बदलला कीं तो जागोजाग साचतो व चक्र थांबतें. खालची उष्णता मात्र चालूच राहते. भांडें जास्त तापतें, आणि असें वारंवार किंवा फार वेळ झाल्यास तें क्रोमेट आंत साचून नळी कायमची बुजते. गाडी चालत असतां कल सतत बदलत असल्यामुळें हा अपाय होत नाहीं; उभ्या गाडींतच तो होतो. आणखी दोन-तीन रात्री तसेंच चालविलें असतें, तर कारागिराचें म्हणणें आम्हींच खरें करून दाखविलें असतें.

चिरंजीवानें फ्रिज बंद केला, खालच्या अंगाचीं चाकें फळ्यांवर चढविलीं व ताटांतील पाणी सम होईपर्यंत गाडी पुढेंमागें केली. साचलेला द्रव जागेवर यावा म्हणून तीन तास यंत्र निवूं दिलें व मग विजेवर लावलें. हा फ्रिज मंदगति असतो. पांच-सहा तास द्यावेच लागतात. संध्याकाळीं ९ अंश झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं दार उघडून हांक मारली, “बाबा, चार!” दूध, दहीं व शिजविलेली भाजी आम्हीं टाकून दिली, असे पदार्थ ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले तर ते खाऊं नयेत. इन्शुलिनविषयीं औषधविक्रेत्यास विचारलें, व त्याच्या सांगण्यावरून त्या बाटल्यांवर तारीख घालून त्या ठराविक मुदतींत वापरल्या. प्रवास पुरा झाला.

ज्यांच्या मुलांकडे अशी गाडी असेल त्यांच्यासाठीं आणखी कांहीं सूचना. विजेवर चालत नसेल तर प्रथम गाडीची तार सोडवावी, मग कांडीच्या तारा सुट्या करून तिचा रोध मोजावा. अमेरिकेंतील १२० व्होल्टवरच्या ३२५ वॅटच्या कांडीचा रोध सुमारें ४४ ओहम येतो. मीटरचा कांटा मुळींच हलला नाहीं, तर कांडी जळली समजावी. गॅसवर चालत नसेल तर ज्योत पाहावी. ती निळी व स्थिर असावी. पिवळी असेल तर काजळी किंवा कोळ्याचें जाळें असण्याचा संभव फार. बर्नर मऊ ब्रशनें साफ करावा, पण गॅसच्या बारीक छिद्रांत तार किंवा टांचणी कधींहि घालूं नये. छिद्र मोठें झालें कीं ज्योत बिघडली. गॅसचा सांधा उघडल्यास पुन्हा बसवून साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले तर गॅस झिरपतो आहे. खालचा व वरचा झरोका वर्षांतून एकदां घरट्यांपासून मोकळा करावा. आंत हिमाचा थर चढल्यास सुरीनें खरवडूं नये; फ्रिज बंद करून आंत कोमट पाण्याचें भांडें ठेवावें. फ्रिज आदल्या दिवशीं लावावा व त्यांत गारच पदार्थ ठेवावे.

एक गोष्ट मात्र घरीं करूं नये. अमोनियाचा वास आला किंवा पिवळी भुकटी दिसली तर फ्रिज तत्काळ बंद करावा, गॅसची टाकी बंद करावी, सर्वांनीं गाडीबाहेर यावें व जाणत्यास बोलवावें. त्या भुकटीस हात लावूं नये. ती विषारी आहे. आंत मोठ्या दाबाखालीं अमोनिया व पेट घेणारा हायड्रोजन आहे; त्या नळ्यांस पाना लावणें किंवा डाक देणें हें जिवावरचें काम आहे. हल्लींच्या नव्या कॅम्परांतून बॅटरीवर चालणारे, घरच्यासारखे दट्ट्याचे फ्रिज येऊं लागले आहेत. त्यांस कलण्याचें एवढें भय नाहीं.

परतीच्या वाटेवर आम्हांस आमच्या वर्गांतील एक मुलगा आठवत राहिला. तो गणितांत नापास, संस्कृतांतहि नापास. आम्हीं त्याच्या वडिलांस सांगितलें कीं मुलाच्या डोक्यांतच कांहीं नाहीं, त्याला शाळेंतून काढा. वडिलांनीं ऐकलें नाहीं हें त्या मुलाचें भाग्य. पुढल्या वर्षीं दुसऱ्या मास्तरांनीं त्याला शेवटच्या बांकावरून पुढें आणलें, मग चष्मा लागला, आणि तो दोन्ही विषयांत उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला. दोन्ही विषयांस समाईक अशी एक गोष्ट फळा होती. ती आम्हांस सुचली नव्हती. तर्कसंग्रह तर त्या वर्षीं आम्हींच शिकवीत होतों.