दाढ काढल्यानंतरची पहिली रात्र

रात्री साडेदहाला अंबडहून फोन आला. "डॉक्टरसाहेब, मांजर येड्यावानी करायलीय. भिंतीकडं तोंड करून बसलीय, डोळे नुसते काळेभोर झालेत, आवाज दिला की मागं मागं सरकायलीय." दुपारीच तिच्या मुळाशी विरलेल्या दोन दाढा मी काढल्या होत्या. शस्त्रक्रिया नीट झाली होती. पण ताईंचा पुढचा प्रश्न ऐकून अंगावर काटा आला : "दुखत असंल तिला. घरात तापाची गोळी हाय, अर्धी देऊ का?"

500 मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीत तीन किलोच्या मांजराचा जीव जाऊ शकतो. पॅरासिटामॉल निकामी करणारी ग्लुक्युरोनाइडची वाट मांजराच्या यकृतात फारच अरुंद असते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. हे आपण सारे शिकलो आहोत. ताईंना मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

जालन्याच्या आठही तालुक्यांत आपली प्रॅक्टिस उभी राहिली ती गाय, म्हैस, बैल, शेळीवर. दात म्हटला की आपल्याला आठवतं ते आदत, दोनदाती, चौदाती, जुळलेला. मांजराच्या तीस दातांकडे लक्ष द्यायला आपण अलीकडेच लागलो. हात तयार झाले, पण घरी पाठवताना बोलायची सवय अजून गोठ्यातलीच आहे : इंजेक्शन दिलंय, उद्या बघू.

मालकाला तीन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतात. पहिली, औषधाचा अंमल. केटामाइननंतर मांजर उघड्या डोळ्यांनी डोकं डोलवतं, झोकांड्या खातं. ब्युप्रेनॉर्फिननंतर बाहुल्या मोठ्या होतात, मांजर गुरगुरतं, कणीक मळल्यासारखे पंजे चालवतं, रात्रभर फिरतं किंवा कोपऱ्यात टक लावून बसतं. हे बहुधा दुसऱ्या दिवशी ओसरतं. अंधारी खोली, जमिनीवर अंथरूण, जवळ पाणी एवढं पुरतं.

दुसरी, दुखणं. मांजर ओरडत नाही, म्हणून आपण फसतो. माँट्रियल विद्यापीठातून 2019 साली आलेली फेलाइन ग्रिमेस मोजपट्टी पाच खुणा बघायला सांगते : कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार भरले की वेदनाशामक वाढवायचं. मान खांद्याखाली, डोळे किलकिले, कान बाहेरच्या बाजूला वळलेले, आणि वाटीपर्यंत येऊन, हुंगून परत फिरणं, हे मालकाला मोबाइलवरच्या फोटोतही ओळखता येतं.

इथेच मेलॉक्सिकॅमचा घोळ होतो. तोंडावाटे किलोला 0.05 मिलिग्रॅम या हिशेबाने तीन किलोच्या मांजराला 0.15 मिलिग्रॅम लागतं; मिलीला 5 मिलिग्रॅमच्या द्रावणात ते 0.03 मिली भरतं. बैलाची बाटली आणि दोन मिलीची सिरिंज घेऊन हे मोजताच येत नाही. अंदाजाने दिलेला डोस थेट मूत्रपिंडावर जातो, आधीच पाणी कमी प्यायलेल्या मांजरात तर नक्कीच.

तिसरी गोष्ट गंभीर. मांजर दाराच्या चौकटीवर आदळत असेल, हाकेकडे कान फिरवत नसेल, तर ते गुंगीवर ढकलू नका. मांजराच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त मुख्यतः मॅक्सिलरी धमनीतून मिळतं. स्प्रिंगच्या माउथ गॅगने जबडा पूर्ण ताणून धरला की ती दबते, आणि मांजर आंधळं किंवा बहिरं होऊ शकतं. स्प्रिंगचा गॅग कपाटात ठेवा. सुईचं टोपण आखूड कापून वापरा, तेही लागेल तेवढाच वेळ.

दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर वाट बघायची नाही, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर. यकृतात चरबी साचायला तेवढं पुरतं.

अंबडच्या मांजरीने दुसऱ्या दिवशी सकाळी उकडलेल्या कोंबडीचं कोमट पाणी चाटलं. गोळी डब्यातच राहिली, कारण ताईंनी विचारलं. सगळेच विचारत नाहीत. म्हणून ही सगळी माहिती मराठीत अर्ध्या पानावर छापून घ्या, पॅरासिटामॉलची ओळ सर्वांत वर ठेवा, आणि पुढच्या मांजराची दाढ काढाल त्या रात्री नऊ वाजता मालकाला तुम्ही स्वतः फोन करा.