तेजसला परदेशी गिऱ्हाईक का मिळत नाही?

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत उड्डाण केले. हे विमान परदेशात विकावे अशी सरकारची इच्छा जुनीच आहे. मलेशिया, अर्जेंटिना, इजिप्त अशा देशांशी बोलणी झाली. पण २०२५ साल सरेपर्यंत एकही सौदा पक्का झाला नव्हता.

विमानांशी आपला काय संबंध, असे काही व्यापारी बंधू विचारतील. ओझर आणि मालेगाव एकाच जिल्ह्यात आणि एकाच आग्रा रोडवर आहेत. तिथला माल परदेशी गेला तर सातपूर आणि अंबडच्या लेथवाल्यांना काम मिळेल, यंत्रमागाचे भाग बनवणाऱ्या आपल्या कारागिरांनाही मिळू शकेल. शिवाय हा प्रश्न निव्वळ तिजारतीचा आहे.

गिरगावात माझा धंदा शाळांच्या गणवेशाच्या कापडाचा. मुख्याध्यापक दुकानात येतात तेव्हा मीटरचा भाव सगळ्यात शेवटी विचारतात. पहिला प्रश्न असतो, हीच शेड पुढच्या जूनमध्ये मिळेल का? आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये? पाचवीचा आणि नववीचा मुलगा प्रार्थनेला एका रांगेत उभे राहिले तर निळ्यात फरक दिसता कामा नये. काही वर्षांपूर्वी एका गिरणीने आम्हाला न कळवता एक शेड बंद केली. त्यात माझ्या दोन शाळा गेल्या, त्या आजपर्यंत परत आल्या नाहीत.

लढाऊ विमान घेणारा देश या मुख्याध्यापकासारखाच असतो. त्याला ते तीस-चाळीस वर्षे वापरायचे असते. विमान किती वेगाने उडते, किती क्षेपणास्त्रे नेते, हे तो पाहतोच. पण तेवढी पात्रता असलेली विमाने बाजारात चार-पाच तरी असतात. निवड होते ती सुट्या भागांवर, परवानगीवर, पैशाच्या अटींवर आणि वायद्यावर.

परवानगीचे पाहा. १९७८ साली भारताला स्वीडनचे व्हिगेन विमान घ्यायचे होते. विमान स्वीडनचे, पण त्याचे इंजिन अमेरिकन जातीचे. अमेरिकेने नकार दिला आणि सौदा बुडाला. आपण जग्वार घेतले. तुर्कस्तानने २०१८ साली पाकिस्तानला ३० टी-१२९ हेलिकॉप्टरे विकण्याचा करार केला. तिथेही इंजिनाला अमेरिकेची परवानगी मिळाली नाही. सुटे भाग अडले की काय होते ते इराणला विचारावे. शहाच्या काळात घेतलेल्या अमेरिकन एफ-१४ विमानांचे भाग १९७९ नंतर येणे बंद झाले आणि पुढची कित्येक वर्षे एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवावा लागला.

तेजसची अडचण याच जातीची आहे. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचे आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची ब्रिटिश. १९८२ च्या फॉकलंड युद्धापासून ब्रिटन अर्जेंटिनाला आपला लष्करी माल जाऊ देत नाही. मग तेजस कितीही आवडले तरी अर्जेंटिना ते घेणार कसे? ब्रिटिश भाग बदलून देऊ असे आपण म्हटले. पण बदलून देऊ आणि तयार आहे, यातला फरक दुकानदाराला सांगायला नको. एप्रिल २०२४ मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ घेतली. नव्या मालापेक्षा जुना माल चालला, कारण तो तयार उभा होता.

पैशाच्या अटींत रशिया पूर्वी फार पुढे होता. मिग-२१ जगात दहा हजारांहून जास्त बनले. स्वस्त, साधे, आणि घेणाऱ्याला स्वतःकडे बनवण्याची मुभा. ओझरचा कारखाना १९६४ साली त्यासाठीच निघाला. सोव्हिएत संघ आपल्याकडून रुपयांत पैसे घेई आणि त्या रुपयांत इथून चहा, चामडे, होजियरी नेई. आपल्यातल्या जुन्या चामडेवाल्यांना ते दिवस आठवत असतील. पुढे मलेशियाने २००३ साली १८ सुखोई-३० घेतली. ती आपल्या ओझरला बनणाऱ्या सुखोईच्याच नमुन्यावर बेतलेली होती. त्या सौद्यात रशियाने वर काय दिले? एका मलेशियन माणसाला अंतराळात नेऊन आणले. डॉ. शेख मुसझफर ऑक्टोबर २००७ मध्ये, ऐन रमजानमध्ये, अंतराळ स्थानकात गेले ते या सौद्यातून. हातरुमाल फुकट देणारे आम्ही लोक, आम्हाला हे ऐकून गंमत वाटते. पण गिऱ्हाइकाच्या घरात कशाची हौस आहे हे ओळखणे, हा धंद्याचाच भाग आहे.

त्याच मलेशियाने २०२३ साली १८ हलकी विमाने घेताना तेजस सोडून कोरियाचे एफए-५० निवडले. हे प्रकरण मला सर्वात शिकण्यासारखे वाटते, कारण एफए-५० चे इंजिनही जीईचे आणि त्याच घराण्यातले आहे. म्हणजे सारा दोष इंजिनावर ढकलता येत नाही. कोरियाने काय केले होते? पोलंडशी सप्टेंबर २०२२ मध्ये करार केला आणि पहिली १२ विमाने २०२३ संपण्याच्या आत पोलंडला पोचवली. ही बातमी जगभरच्या गिऱ्हाइकांपर्यंत जाते.

फ्रान्सचे राफेल दहा-बारा वर्षे परदेशी गिऱ्हाइकाविना होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये इजिप्तने २४ घेतली. फ्रान्सने कर्जाची सोय केली, आणि पहिली तीन विमाने जुलैमध्येच दिली. ती फ्रान्सच्या स्वतःच्या हवाई दलासाठी बनलेली होती. घरच्याने आपली पाळी पाहुण्याला दिली.

आपले हवाई दल अशी पाळी देऊ शकत नाही. मंजूर संख्या ४२ तुकड्यांची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवली गेली. पहिले २०२४ च्या सुरुवातीला यायचे होते. २०२५ अखेरपर्यंत एकही ताब्यात आले नाही. ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये आले. जीईचे म्हणणे असे की मागणी नसल्यामुळे त्या इंजिनाची लाईन बंद झाली होती, ती पुन्हा उभी करावी लागली. यात कंपनीला दोष देण्याआधी आपणही विचारावे की मागणी इतकी उशिरा का दिली. गिरणीला वर्षानुवर्षे ऑर्डर द्यायची नाही आणि एकदम लग्नसराईत तागे मागायचे, असे झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा प्राण गेला. यामुळे तेजस आता विकले जाणार नाही, असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. स्वीडनचे ग्रिपेन १९९३ साली स्टॉकहोममध्ये हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत पडले होते. नंतर ते दक्षिण आफ्रिका, थायलंड, ब्राझील यांनी विकत घेतले आणि चेक व हंगेरीने प्रत्येकी १४ भाड्याने नेली. स्वीडनने दोष शोधला, दुरुस्त केला आणि माल देत राहिला. चौकशीत जे निघेल ते आपण किती उघडपणे सांगतो, याकडे गिऱ्हाइकांचे लक्ष राहील.

माझे मत असे, की परदेशी प्रदर्शनांवरचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल, आधी घरचा वायदा पुरा करावा. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी आली. एकूण १८०. ओझरची लाईन वर्षाला ८ देणार, बंगळुरू धरून २४. या वेगानेही घरचीच मागणी पुरी व्हायला साडेसात वर्षे लागतील. परदेशी माणूस हा हिशोब आपल्याआधी करतो.

लाईन वाढवायची तर बाहेरच्या कारखान्यांकडून काम करून घ्यावे लागेल. मधला सांगाडा हैदराबादला आणि पंख कोइम्बतूरला बनू लागले आहेत. नाशिकच्या छोट्या कारखानदारांनी मागे राहू नये. एएस-९१०० हे विमानकामाचे प्रमाणपत्र मिळवायला वेळ आणि पैसा लागतो. एकट्याची ऐपत नसेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक कारखाना त्यासाठी उभा करावा. आणि प्रत्येक भागाची धातू कोणत्या लॉटची, कोणत्या मशीनवर, कोणाच्या हातची, ही वही पुढच्या तीस वर्षांसाठी जपून ठेवण्याची सवय आतापासून लावून घ्यावी.