टाचणीची पारख

सातबारा उताऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेल्या, पावसाळ्यात घोट्याएवढे पाणी धरणाऱ्या गवताळ तुकड्याकडे व्यापारी दृष्टी बहुधा एकाच हिशेबाने पाहते : भराव टाकल्यास गोदाम केवढे होईल? त्याच तुकड्यात, लव्हाळ्याच्या काड्यांमधून, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक जीव वावरत असतो. मराठीत त्याच्या कुळाला टाचणी म्हणतात. चतुर पंख पसरून बसतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते, आणि तिचे दोन्ही डोळे एकमेकांपासून दूर असतात.

या कुळातील अगदी लहानांपैकी एक म्हणजे अॅग्रिओक्नेमिस पिग्मिया. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रांब्यूर यांनी १८४२ मध्ये तिचे वर्णन केले. नावातील ‘पिग्मिया’चा अर्थ बुटकी. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. दलदल, भातखाचरे, तळ्याचा गवताळ काठ ही तिची वसतिस्थाने. माशी, भुंगा, डास यांच्याप्रमाणे जैन जीवविचारात हाही चतुरिंद्रिय जीव ठरतो : स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू.

रंगावर विसंबणारा येथे हमखास फसतो. तरुण नराच्या काळ्या छातीवर हिरवे पट्टे असतात आणि शेपटीचे टोक विटकरी तांबडे असते. परंतु वय वाढले की अंगावर पांढुरकी भुकटी चढते आणि ओळखीच्या खुणा झाकल्या जातात. मादी कोवळेपणी तांबूस, पुढे हिरवट होते. एकाच खाचरात तिन्ही दिसले, तर नवखा निरीक्षक तीन जाती मोजतो. शेपटीचे टोक निळे आणि पोट पिवळे असेल, तर ती मात्र खरोखरच निराळी, इश्नुरा गणातील टाचणी. जवळच्या नातलग जातींमधला निर्णय अखेर नराच्या शेपटीच्या टोकावरील चिमट्यांच्या आकारावरून करावा लागतो. बँकेत सही पडताळताना शाईचा रंग कोणी पाहत नाही, अक्षराचे वळण पाहतात, तसेच हे.

ते चिमटे भिंगाखालीच दिसतात, आणि अडचण येथेच उद्भवते. पूर्वी यासाठी जाळे, विषारी वाफेची बाटली आणि शेवटी टाचणीलाच टोचलेली टाचणी, असा क्रम होता. फ्रेझर यांचे १९३३ ते १९३६ या काळातील त्रिखंडी ग्रंथ अशाच संग्रहांवर उभे आहेत. त्यांची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. पण आज सामान्य अभ्यासकाने तो मार्ग धरण्याचेही कारण उरलेले नाही. जवळून टिपणाऱ्या भिंगाचा कॅमेरा, बसलेल्या नराची अगदी बाजूने घेतलेली दोन-तीन छायाचित्रे, त्यांतील एक केवळ शेपटीच्या टोकाचे, एवढे पुष्कळदा पुरते. बोटांत धरण्याचा मोह टाळावा. हे पंख फार नाजूक असतात. बांधावरून हलू नये, कारण गवतात पाऊल पडले की पायाखाली काय चिरडले हे कळतही नाही.

चिमटे स्पष्ट टिपले गेले नाहीत, तर जाणते निरीक्षक वहीत केवळ गणाचे नाव लिहितात आणि जातीची जागा कोरी सोडतात. मादीच्या बाबतीत हे वारंवार घडते. तीच माहिती पुढे त्या जागेच्या नोंदीत जाते, आणि सातबाऱ्यावर मात्र तोच तुकडा अजून पोटखराबाच असतो.