पडद्यावरच्या दागिन्यांचा काळ

कोरियातल्या ऐतिहासिक मालिकांत पात्राने तोंड उघडण्याआधीच त्याचे वय, दर्जा आणि लग्न झाले आहे की नाही, हे त्याच्या डोक्यावरून कळते. पाठीवर एकच वेणी आणि तिच्या टोकाला रेशमी फीत, तर मुलगी अविवाहित. मानेवर अंबाडा आणि त्यात आडवा खोवलेला लांब काटा, तर ती विवाहित. या काट्याला तिथे ‘बिन्यो’ म्हणतात. तो लाकडाचा, चांदीचा की जेडचा, त्याच्या टोकाला साधा गोळा आहे की कोरीव ड्रॅगन, यावरून घर शेतकऱ्याचे की राजाचे ते ठरते. पुरुषाच्या टाळूवर बांधलेली केसांची गाठ म्हणजे तो प्रौढ झाला. त्यावरची घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या बारीक काड्यांची काळी टोपी, ‘गत’, ही सरदार-पंडित वर्गाची खूण. २०१९ मध्ये आलेल्या ‘किंगडम’ मालिकेने ही टोपी जगभर पोहोचवली. दरबारी अधिकाऱ्याच्या छातीवर चौकोनी भरतकाम असते. क्रौंच पक्षी असेल तर मुलकी अधिकारी, वाघ असेल तर लष्करी.

या नियमांमागे लिहून ठेवलेला इतिहास आहे. १५७२ मध्ये राजा सोंजो याने पुरुषांच्या कर्णभूषणांवर बंदी घातली. त्याआधीच्या काळात घडणाऱ्या कथेत तरुणाच्या कानात बाळी शोभते, नंतरच्या कथेत ती चूक ठरते. अठराव्या शतकात उमराव घरांतल्या बायका उसन्या केसांचे जड टोप चढवू लागल्या. एकेका टोपावर घरदार गहाण पडेल इतका खर्च होऊ लागला, तेव्हा १७५६ मध्ये राजा योंगजो याने ते बंद करून त्याजागी छोटी काळी टोपी घालायला सांगितली. अशा हुकुमांवरून मालिकेचा काळ ओळखायला मदत होते. तरीही तिथल्या मालिका चुकतात. पंधराव्या शतकात कोरियन स्त्रीची चोळी कमरेपर्यंत येत असे. ती आखूड होत छातीशी आली ती पुढच्या तीन-चारशे वर्षांत. कॅमेऱ्याला आखूड चोळीचा घेर देखणा दिसतो, म्हणून पंधराव्या शतकातल्या नायिकेलाही अनेकदा तीच मिळते.

मराठी मालिकांत हा प्रश्न अधिक बिकट आहे. २००८ मधली ‘राजा शिवछत्रपती’, २०१७ पासूनची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, २०१९ मधल्या ‘स्वराज्यजननी जिजामाता’ आणि ‘स्वामिनी’ या मालिकांनी घराघरांत ऐतिहासिक वेशाची हौस निर्माण केली. चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, वज्रटीक, बुगडी, वाकी ही नावे विसरायला झालेल्या पिढीच्या तोंडी पुन्हा आली, हे या मालिकांचे मोठे काम आहे. पण जिजाऊंचे निधन १६७४ मधले आणि ‘स्वामिनी’ची नायिका रमाबाई पेशवे यांचे १७७२ मधले. मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षे गेली. या काळात सत्तेचे केंद्र डोंगरी किल्ल्यांवरून पुण्याच्या वाड्यांत आले आणि उत्तरेच्या मोहिमांमुळे मोत्यांचा, जरीचा आणि दरबारी थाटाचा ओघ वाढला. हा बदल अंगावर दिसायला हवा. प्रेक्षकाच्या मनात मात्र ‘ऐतिहासिक’ म्हणजे पेशवाई असे घट्ट बसले आहे, आणि निर्मातेही त्याच मनाला धरून चालतात.

नथीचेच पाहावे. मराठी स्त्रीचे चित्र नथीशिवाय पुरे होत नाही, इतकी ती आपली आहे. तरीही पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी दाखवून दिले की प्राचीन भारतीय वाङ्मयात आणि शिल्पांत नाकातला दागिना आढळत नाही. तो मध्ययुगात आला. सतराव्या शतकातल्या कथेत नथ चालेल, सातवाहनांच्या कथेत चालणार नाही. पुतळ्यांच्या माळेलाही असाच जन्मकाळ आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर उभ्या मानवी आकृती असत. व्यापारातून आलेल्या या नाण्यांना मराठीत पुतळी म्हणू लागले आणि त्यांना कडी जोडून माळ झाली.

रंगभूमीची गोष्ट वेगळी. गडचिरोली-चंद्रपूर भागातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये, तिथूनच ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याने जाते. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्यालाही राजा राजाच दिसला पाहिजे, म्हणून टिकल्यांची झूल आणि चकाकणारा शिरपेच तिथे योग्यच आहे. मालिकेचा कॅमेरा मात्र दागिन्यापासून हातभरावर येतो. तिथे साच्यातून काढलेल्या खोट्या मण्याची कडाही दिसते.

याच गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात भामरागड आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमाभोवती माडिया गोंडांची गावे आहेत. वेशभूषेच्या बाबतीत या माणसांवर पडद्याने सर्वांत जास्त अन्याय केला आहे. मराठ्याला शतक असते, कोरियनाला राजाचे नाव असते; ‘आदिवासी’ म्हटला की डोक्यात पिसे, कमरेला गवत आणि चेहऱ्यावर पांढरे ठिपके. त्याला काळ नाही, गाव नाही. अशाच घाईत शिंगांचा शिरोवेश सरसकट सगळ्या गोंडांना चढवला जातो. गव्याची शिंगे, पुढे कवड्यांची झालर आणि मागे पिसांचा तुरा असलेला तो शिरोवेश दक्षिण बस्तरच्या दंडामी माडियांचा आहे. ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मधल्या आपल्या ग्रंथात त्यांना डोंगरी माडियांपासून वेगळे काढले ते याच खुणेवरून. भामरागडचे माडिया डोंगरी शाखेचे. त्यांच्या डोक्यावर ती शिंगे ठेवणे म्हणजे मावळ्याला राजपुताची पगडी बांधणे होय.

माडिया स्त्रीच्या जुन्या वेशात कापड थोडे आणि मणी पुष्कळ. कमरेला गुडघ्यापर्यंतचे कापड, गळ्यात बारीक मण्यांच्या सरींवर सरी, अंबाड्यात फण्या, अंगावर गोंदण. गोंदण हा गोंड समाजात मोठा दागिना मानला जातो, कारण मेल्यावरही तो काढून घेता येत नाही. डोंगरी माडिया स्वतः विणत नसत. कापड, मणी, धातू सगळे बाजारातून येई. त्यामुळे त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला तारीख आहे, आणि ती वाचता येते.

नाण्यांच्या माळेवर ही तारीख अक्षरशः छापलेली असते. चंद्रपूर भागातला सर्वांत मालिकायोग्य विषय म्हणजे मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरात फाशी देण्यात आली. त्या काळातल्या गोंड स्त्रीच्या गळ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया दाखवायचा असेल, तर त्यावर १८४० पासून पाडलेली, मुकुट नसलेली तरुण व्हिक्टोरिया हवी, किंवा त्याआधीचा चौथा विल्यम. मुकुटधारी व्हिक्टोरिया १८६२ मध्ये आली. पाचव्या जॉर्जचा रुपया, जो आज जुन्या माळांत सहज सापडतो, तो १९११ पासूनचा. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले असल्याने त्यांची जुनी नाणीही गळ्यात असणे साहजिक आहे. ॲल्युमिनियमची हलकी पांढरी वळी तर १८५८ मध्ये असूच शकत नाहीत. हा धातू स्वस्तात काढण्याची रीत १८८६ मध्ये सापडली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती गेलीच. जुन्या रुपयाच्या माळेला बाजारात मोल चढले ते त्यामुळे.

शेडमाक्यांच्या कथेत एका चौकटीत किती वेश येतात, हेही मोजण्यासारखे आहे. राजगोंड जमीनदार स्वतः, त्यांच्याबरोबर लढणारे गोंड, माडिया आणि रोहिले, त्यांना पकडून देणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई, आणि समोर कंपनीचे गोरे अधिकारी. राजगोंड आणि डोंगरी माडिया एकाच भाषाकुळातले असले तरी त्यांचे अंगावरचे जग निराळे. राजगोंडांचा पेहराव शेजारच्या मराठी-तेलुगू शेतकरी-जमीनदारांच्या जवळचा. आदिलाबादच्या राजगोंडांवर मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातल्या छायाचित्रांत तो दिसतो. या सगळ्यांना एकाच साच्यातले ‘जंगली’ कपडे चढवले तर कथेतले राजकारणच नाहीसे होते. कोण कोणाच्या बाजूने आणि का लढले, हे प्रेक्षकाला कळणार नाही.

भामरागड तालुक्यावरच्या एका चित्रपटात कपड्यांना खरे महत्त्व होते. २०१४ मधल्या ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ या समृद्धी पोरे दिग्दर्शित चित्रपटात आमट्यांच्या भूमिकेतले नाना पाटेकर बनियन आणि अर्ध्या चड्डीत वावरतात. १९७३ मध्ये हेमलकशाला माडियांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर आजूबाजूची माणसे उघडी पाहून डॉ. आमटे यांनी स्वतःचे कपडे तेवढेच ठेवले. ती गोष्ट पडद्यावर तशीच उतरली. अंगावर काय नाही, हेही वेशभूषेत सांगावे लागते, याचे हे मराठीतले ठळक उदाहरण.

ऐतिहासिक मालिकेत गोंडवन आणायचे ठरले तर साधने हाताशी आहेत. ग्रिगसन आणि हायमेनडॉर्फ यांची छायाचित्रे, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या वस्तू, चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवरचे शिल्प, गोंड राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी. सर्वांत मोठे साधन भामरागडच्या गावांत अजून आहे: ज्यांनी स्वतःच्या हाताने मणी ओवले, गोंदवून घेतले अशा वृद्ध स्त्रिया. त्यांना चित्रीकरणाच्या दिवशी गर्दीत उभे करू नये. त्याच्या कितीतरी आधी, कपडेपट ठरतानाच, दुभाष्याला सोबत घेऊन त्यांच्याकडे बसावे, त्यांना सल्लागाराचे मानधन द्यावे, आणि श्रेयनामावलीत वेशभूषाकाराच्या शेजारी त्यांचे नाव लिहावे.